एएमटी ट्रकला स्पीड सेन्सरचा कोड आला? सेन्सर आणायच्या आधी हिशोब जुळवा

डॅशबोर्डवर नव्या सेन्सरचे दोन रिकामे खोके पडलेले आणि तिसरा आणायला शेठनी माणूस पाठवलाय असं ड्रायव्हर सांगत होता. जुलैचा महिना, कळंबोलीत पाऊस असा की गाडीखाली झोपायचं म्हणजे आधी पुठ्ठा, त्यावर ताडपत्री, मग आपण. गाडी चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर, न्हावा शेवा ते भिवंडी लाइनवर चालणारी, गिअरबॉक्स एएमटी म्हणजे क्लच पेडल नाही, गिअर गाडी स्वतः टाकते. तक्रार अशी की चालता चालता बॉक्स न्यूट्रलला जातो, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडतो, गाडी साइडला घेऊन चावी बंद चालू केली की अर्धा तास सगळं ठीक आणि मग परत तेच. ड्रायव्हरमामा आष्टीकडचे, वैतागून म्हणाले, "मालक, हिला गिअर हाताने टाकता आला असता ना, तर मी तुमच्याकडं आलोच नसतो."

स्कॅनर लावला की कोड दिसतो, कोडात सेन्सरचं नाव असतं, त्यामुळे सगळे सेन्सरच बदलतात. आमच्या लाइनमधली नवीन पोरंच नाही, वीस वर्षं काम केलेले पण हेच करतात. पण कोडचा अर्थ सेन्सर मेला असा होत नाही, कॉम्प्युटरचा हिशोब जुळला नाही एवढाच होतो. कुठल्या आकड्यामुळे जुळला नाही ते तो सांगतो, का जुळला नाही ते आपल्याला शोधायचं असतं. आणि ते शोधायला फार मोठं मशीन लागत नाही, साधा मल्टीमीटर, लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर आणि थोडा भागाकार पुरतो.

आधी हे बघू की बॉक्सला स्पीड कळायची गरजच काय. साध्या गिअरच्या गाडीत ड्रायव्हर काय करतो, इंजिनचा आवाज ऐकतो, हाताला गिअरलिव्हर जाणवतो, दात जुळले की गिअर आत जातो आणि नाही जुळले की कर्रर्र. एएमटी आतून बऱ्यापैकी तीच गिअरबॉक्स असते, तोच क्लच, तेच दात, फक्त ड्रायव्हरच्या हातापायाच्या जागी हवेचे नाहीतर इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर आणि कानाच्या जागी स्पीड सेन्सर. एक सेन्सर इनपुट शाफ्टवर, म्हणजे क्लचकडून बॉक्समध्ये येणारी बाजू, एक आउटपुटवर म्हणजे प्रॉपेलर शाफ्टकडे जाणारी बाजू, आणि काही बॉक्समध्ये तिसरा मेन शाफ्टवर. इंजिनचे आरपीएम इंजिनच्या ईसीयूकडून, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरकडून, कॅन वायरवरून वेगळे येतात; कॅन म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यावर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी.

आता आकडा घेऊ. समजा आउटपुट शाफ्ट ९०० आरपीएमवर फिरतोय आणि चालू गिअरचा रेशो १.७ आहे, तर इनपुट फिरणार १५३० वर. पुढच्या गिअरचा रेशो १.३ असेल तर तिथे इनपुट पाहिजे ११७०. म्हणजे गिअर बदलायच्या मधल्या त्या क्षणात कॉम्प्युटरला इनपुट साइड ३६० आरपीएमनी खाली आणायची आहे आणि बरोबर त्या जागी आली की गिअर ढकलायचा आहे. त्याला जर आउटपुट ९०० च्या ऐवजी ० दिसला तर तो काय हिशोब करणार, त्याला वाटणार गाडी उभी आहे. आणि गाडी उभी समजून चालत्या गाडीत पहिला गिअर टाकला तर बॉक्सचा भुगा होईल, म्हणून तो गिअर बदलणंच बंद करतो, काही गाड्यांत आहे तो गिअर धरून ठेवतो, काहींत न्यूट्रलला जातो. यालाच लिंप मोड म्हणतात. ड्रायव्हरला वाटतं गाडी मेली, खरं तर ती घाबरून गप्प बसलेली असते.

कॉम्प्युटरला संशय कधी येतो तेही बघण्यासारखं आहे. चाळीस-पन्नास टनाची गाडी साठच्या स्पीडवरून एका क्षणात शून्यावर येऊ शकत नाही, हे त्यालाही कळतं. त्यामुळे सेन्सरचा आकडा अचानक पडला की तो म्हणतो हे शक्य नाही आणि कोड टाकतो. कोडाला दोन भाग असतात, एसपीएन म्हणजे कुठल्या गोष्टीबद्दल आणि एफएमआय म्हणजे तिचं काय बिघडलं. जे१९३९ पद्धतीच्या, म्हणजे मोठ्या गाड्यांच्या कॉम्प्युटरांची जी ठरलेली भाषा आहे ती वापरणाऱ्या गाड्यांत इनपुट शाफ्ट स्पीडचा एसपीएन १६१, आउटपुटचा १९१, इंजिन स्पीडचा १९०. ईटन कंपनीचा बॉक्स असेल तर त्यांचे स्वतःचे नंबर पण दिसतात, ५६ इनपुट, ५७ मेन शाफ्ट, ५८ आउटपुट. लोक पहिला आकडा वाचतात आणि दुसरा सोडून देतात, आणि खरी बातमी दुसऱ्यातच असते. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे सर्किट ओपन किंवा करंट जात नाही, हे तीन आले की आधी वायर आणि कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लग, बघायचा. २ आला म्हणजे सिग्नल येतोय पण तुटक किंवा न पटणारा, ८ म्हणजे फ्रिक्वेन्सी बरोबर नाही, १० म्हणजे आकडा न पटण्याइतका झटकन बदलला. इथे वायर असू शकते, सेन्सरचं टोक असू शकतं, सेन्सर ज्याचे दात मोजतो तो आतला दातांचा रिंगपण असू शकतो. आमच्या ट्रेलरला १९१ बरोबर २ होता आणि मधेच ५. म्हणजे आउटपुटचा सिग्नल तुटक आणि कधीकधी सर्किटच ओपन, बदललेला सेन्सर नवा कोरा असताना. इथेच डोक्यात घंटा वाजायला पाहिजे होती, पण आधी सेन्सर बदलणाऱ्या दोघा मेकॅनिकांनी एफएमआय बघितलाच नव्हता.

सेन्सर दोन जातीचे असतात आणि ही जात ओळखल्याशिवाय मीटर लावू नका. पहिली जात दोन वायरची, आत चुंबक आणि त्यावर तांब्याच्या तारेची गुंडाळी. समोरून लोखंडी दात गेला की गुंडाळीत थोडी वीज तयार होते, दात गेला आला गेला आला, तशी एसी लहर. याला बाहेरून करंट द्यावा लागत नाही. आपल्या सायकलचा जुना डायनामो आठवा, हळू चालवली की दिवा मिणमिणता, जोरात मारली की लख्ख, तसंच. म्हणजे गाडी हळू असेल तर सिग्नल कमजोर. उदाहरण घ्या, आउटपुटवर १६ दातांचा रिंग आहे आणि गाडी ताशी ६० वर असताना आउटपुट १२५० आरपीएम फिरतोय, तर १२५० गुणिले १६ भागिले ६०, सेकंदाला ३३३ लहरी. तीच गाडी गायमुख घाटात ट्रॅफिकमध्ये ताशी ५ नी रांगतेय, तर लहरी उरल्या २८ च्या आसपास आणि व्होल्टेजही तेवढंच मरगळलेलं. त्यामुळे सेन्सरच्या टोकावर थोडी घाण, कपलरमध्ये थोडा गंज, टोक आणि दात यांच्यातल्या फटीत थोडा फरक, एवढं पण रांगताना नडतं आणि हायवेवर कळतसुद्धा नाही. "घोडबंदरला बंद पडते, एक्सप्रेसवेला मस्त पळते" असं कुणी म्हणालं की मी हसत नाही, ती कामाची माहिती आहे.

दुसरी जात हॉल सेन्सर, बहुतेक तीन वायरचा, एक सप्लाय एक अर्थ एक सिग्नल. हा चौकोनी पल्स देतो आणि हळू स्पीडलाही दमदार असतो, पण सप्लाय गेला की संपला. याच्यावर ओहम मोजत बसणारे लोक मी पाहिलेत, काहीतरी आकडा येतो आणि त्यावरून "खराब आहे" म्हणून मोकळे होतात. हॉलला ओहम मोजायचा नसतो. कपलर काढून चावी ऑन करून हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूला सप्लाय किती येतो आणि अर्थ नीट आहे का ते बघायचं, किती व्होल्ट पाहिजे ते कंपनीच्या सर्किट डायग्राममध्ये असतं, मग कपलर जोडून दात फिरवताना सिग्नल वरखाली होतो का ते.

आता काम सुरू करताना मी सगळ्यात आधी स्कॅनर लावत नाही, ड्रायव्हरशी बोलतो. कधी होतं, गरम झाल्यावर का सकाळी थंडीत, पावसात का कोरड्यात, खड्ड्यात आदळल्यावर का, लोडला का रिकामी असताना, आणि याच्या आधी गाडीला कुठलं काम झालं. मामांनी सांगितलं, दोन महिन्यांपूर्वी क्लचप्लेट टाकली, म्हणजे गिअरबॉक्स उतरवला होता. अर्धं काम तिथेच झालं असं म्हटलं तरी चालेल, कारण गिअरबॉक्स उतरवून परत चढवलेल्या गाडीत हार्नेसच्या क्लिपा जागेवर गेल्या असतील यावर मी तरी पैज लावणार नाही.

मग बॅटरी. २४ व्होल्टची सिस्टम, उभ्या गाडीत चांगली चार्ज असेल तर २५ च्या वर दिसायला पाहिजे, इंजिन चालू केलं की २७.५ ते २८.५ च्या घरात. बॅटरी पडलेली असेल तर एकाच वेळी दहा कोड येतात आणि त्यातला एक सेन्सरचा दिसला की माणूस त्याच्या मागे लागतो. कॅन लाइनचा संशय असेल तर चावी बंद करून, बॅटरी कट करून दोन कॅन वायरींच्या मधे ओहम बघा, दोन टोकांना १२० चे रेझिस्टर असतात म्हणून मिळून ६० च्या आसपास यायला पाहिजे. १२० आला म्हणजे एक टोक सुटलंय.

आता लाइव्ह डेटा, आणि हिशोब खरा इथे जुळतो. चार आकडे स्क्रीनवर एकाखाली एक घ्या, इंजिन आरपीएम, इनपुट, आउटपुट आणि एबीएसकडून, म्हणजे ब्रेकच्या सिस्टमकडून येणारा चाकाचा स्पीड. गाडी गिअरमध्ये, क्लच पूर्ण लागलेला, तेव्हा इंजिन आणि इनपुट एकच पाहिजेत, कारण मधे क्लच सोडून काही नाही. इनपुट सतत कमी दाखवत असेल तर एक तर क्लच घसरतोय किंवा इनपुट सेन्सर खोटं बोलतोय. इनपुट भागिले आउटपुट म्हणजे चालू गिअरचा रेशो आला पाहिजे. आणि आउटपुट खरा का ते चाकावरून काढा. २९५/९० आर२० टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो, ताशी ६० म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाच्या ३१२ फेऱ्या, ॲक्सल रेशो ४ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला आउटपुटचे चार, तर आउटपुट साधारण १२५०. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एक मिनिटाचं काम. चारातले तीन एकमेकांशी जुळले आणि एक जुळला नाही, की आपल्याला कुठे बघायचं ते कळलं. मी क्लीनरला फोन देऊन स्क्रीनचा व्हिडिओ काढायला लावतो, कारण सिग्नल अर्ध्या सेकंदाकरता जातो आणि चालवणाऱ्याने रस्ता बघायचा असतो, स्क्रीन नाही. एक गोष्ट अजून, गाडी उभी आणि आउटपुट शून्याऐवजी ३०-४० नाचतोय असं दिसलं तर तो बाहेरचा नॉइज आहे. या सेन्सरच्या दोन वायरी एकमेकांना पीळ देऊन नेलेल्या असतात ते उगाच नाही, त्या पिळामुळे अल्टरनेटर आणि बाकीच्या वायरींचा त्रास आत येत नाही, आणि आपले लोक रिपेअर करताना पीळ उलगडून सरळ वायर टाकतात. जीपीएसवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको, जिथे वायर दिसेल तिथे टॅप मारून टेप गुंडाळून जातात, पावसाळ्यात त्यांचं पाप आम्ही फेडतो.

आमच्या ट्रेलरची ट्रायल कळंबोलीहून तळोज्याच्या बाजूला काढली. इंजिन ११००, इनपुट ११००, एबीएस २५ दाखवतोय आणि आउटपुट एक खड्डा आला की धाडकन शून्य, परत वर, परत शून्य. बाकीचे तिघे एकमताने एक सांगतायत.

परत येऊन चाकांना लाकडी गुटके लावले, पार्किंग ब्रेक, चावी बंद. एएमटीखाली हात घालताना हे विसरू नका, टाकीत हवा असेल तर ॲक्च्युएटर हलू शकतो. सेन्सरचा कपलर काढला, सेन्सरवर ओहम बघितला, ३१०० च्या आसपास. ईटनच्या दोन वायरच्या सेन्सरला २००० ते ४५०० मधे यायला पाहिजे, दुसऱ्या कंपन्यांचे आकडे वेगळे, आपल्या गाडीचा आकडा बघूनच ठरवायचं. दोन्ही पिनांपासून बॉडीला काहीच नाही, म्हणजे आत शॉर्ट नाही. सेन्सर चांगला. इथे थांबून "सेन्सर चांगला, म्हणजे बॉक्सचा ईसीयू गेला" म्हणणारे पण आहेत आणि ईसीयूची किंमत ऐकली की मालकाला घाम फुटतो. त्याच्या आधी तीच मोजणी ईसीयूच्या कपलरकडून करा, सेन्सर परत जोडून. म्हणजे मधली सगळी वायर आणि दोन्ही कपलर त्यात येतात. मीटरची जाड पिन कपलरच्या फिमेल पिनमध्ये खुपसायची नाही, ती पसरते आणि मग नसलेला फॉल्ट आपण तयार करतो, बारीक तार किंवा बरोबर मापाची पिन वापरा.

तिथूनही ३१०० च. मग पोराला गाडीखाली पाठवलं आणि सांगितलं की हार्नेस टप्प्याटप्प्याने हलव, एकदम झटका नको. मी मीटरकडे बघत बसलो. कपलरजवळ हलवला, ३१००. बॉक्सच्या वरून हलवला, ३१००. चेसिसच्या आडव्या मेंबरच्या तिथे हात गेला आणि मीटरवर ओएल, म्हणजे सर्किट ओपन. सोडला, ३१००. परत दाबला, ओएल. तो खालून ओरडला, "दादा, क्लिपच नाय इथं!"

क्लच काम करताना हार्नेसची क्लिप काढली ती परत लावली नव्हती, त्याऐवजी केबल टायने हार्नेस हवेच्या पाइपला बांधलेला. गाडी हलली की हार्नेस मेंबरच्या धारेवर घासायचा, दोन महिने घासून वरची नळी फाटली, आतली एक वायर हिरवी पडली होती आणि तांब्याच्या दोन-चार तारा शिल्लक, बाकी तुटलेल्या. उभ्या गाडीत त्या चार तारांवरून मीटरला पूर्ण कनेक्शन दिसतं, खड्ड्यात आदळली की ओपन. दोन नवे सेन्सर टाकणाऱ्यांचं काम म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हिरवा भाग पूर्ण कापून काढला, कारण ती हिरवळ वायरच्या आत चढत जाते, नवा तुकडा सोल्डर केला, दोन्ही जोड एकासमोर एक न ठेवता मागेपुढे, हीट श्रिंक, दोन्ही वायरींना परत पीळ, नवी नळी आणि बरोबर जागेवर क्लिप.

सगळ्याच केसेस इतक्या सरळ नसतात. एकदा टिपर आला होता, खदानीवर चालणारा, सेन्सर चांगला, वायर चांगली, हलवून हलवून हात दुखले तरी काही नाही, आणि कोड फक्त लोड असताना. त्याला शेवटी ऑसिलोस्कोप लावला. मीटर एसी व्होल्टची सरासरी दाखवतो, स्कोप प्रत्येक दात वेगळा दाखवतो. लहर एका फेऱ्यात एकदा मोठी व्हायची आणि एकदा एकदम बारीक. म्हणजे दातांचा रिंग आणि सेन्सरमधली फट दर फेऱ्याला कमीजास्त होतेय, शाफ्ट डगमगतोय. खाली जाऊन आउटपुटचा फ्लँज हाताने वरखाली केला, खटखट. बेअरिंग गेलेलं. सेन्सर काढला तर टोकाच्या चुंबकाला लोखंडाचे पत्र्यासारखे कपचे चिकटलेले. इथे एक ध्यानात घ्या, टोकाला काळी मऊ पेस्ट थोडीफार असतेच, ती पुसा आणि पुढे जा, पण नखात धरता येतील असे कपचे दिसले तर तो सेन्सरचा विषय राहिलेला नाही. त्या मालकाला सेन्सरचा कोड नसता आला तर बॉक्स फुटल्यावरच कळलं असतं.

सेन्सर खरंच खराब असतात का, असतात. गरम झाल्यावर आतली तार ओपन होते आणि थंड झाली की जोडली जाते, हे तर नेहमीचं. त्यासाठी गाडी गरम असतानाच ओहम बघायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. दोन सेन्सर एकाच पार्ट नंबरचे असतील तर अदलाबदल करून कोड जागा बदलतो का तेही बघता येतं, मात्र नंबर एकच आहे हे वाचून, दिसायला सारखे आहेत म्हणून नाही. नवा बसवताना बसायची जागा साफ पाहिजे, जुनी ओरिंग आत राहिली नाही ना ते बघा, कारण बोल्टवाल्या सेन्सरची फट बसण्यावरच ठरते आणि एवढ्याशा कचऱ्याने ती वाढते. आणि वॉशिंगवाल्याला सांगा, प्रेशरचं पाणी डायरेक्ट कपलरवर मारू नको. कपलर उघडलाच असेल तर आत डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, चेसिसचं ग्रीस नाही. कळंबोली, उलवे, उरणच्या पट्ट्यात खाडीची हवा, आठवडाभर उभी राहिली की गंज आणि उंदीर दोन्ही आपलं काम करतात.

आमच्या ट्रेलरचा कोड क्लिअर केला, चावी बंद करून पाच मिनिटं थांबलो, म्हणजे ईसीयू पूर्ण झोपला. रिकाम्या गाडीची ट्रायल मी मोजत नाही, म्हणून मामांना म्हटलं की लोड घेऊन जा आणि शिळफाटा, मुंब्रा बायपास करून भिवंडीला पोचलात की फोन करा. रात्री साडेदहाला फोन आला, एकदाही न्यूट्रलला गेली नाही, बायपासला दीड तास रांगत होती तरी. मग म्हणाले, "मालक, पण शेठचा माणूस तिसरा सेन्सर घेऊन आला ना, तो परत करता येईल का?" मी म्हटलं विचारून बघा. दुसऱ्या दिवशी कळलं, दुकानदाराने काउंटरच्या वरच्या पाटीकडे बोट दाखवलं, इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही. तो सेन्सर अजून मामांच्या केबिनमध्ये आहे, सीटच्या मागच्या खणात, कापडात गुंडाळून.